कोरडं फडकं

"पुन्हा घे त्या खड्ड्यातून!" चुडामण ओरडला.

मोहितने गाडी मागे घेतली आणि सिंधीपुऱ्याच्या गल्लीतल्या त्याच खड्ड्यात घातली. समोरच्या डाव्या चाकातून खट् असा आवाज आला. चुडामण वाकून चाकाकडे बघू लागला.

उभा जन्म त्याने केळीच्या ट्रकांखाली उताणं पडून काढला होता. पण ही पोराची शर्यतीची गाडी! मोहितने तिच्या चाकांच्या दांड्यांचे रबरी बुश उपटून फेकले होते आणि ऑनलाइन मागवलेले पोलादी जॉइंट बसवले होते. कड्यात फिरणारी गोटी आणि मधे पातळ अस्तर. "रबर दबतं पप्पा, मोडावर गाडी झोल खाते," एवढंच म्हणाला. बापाला विचारलंसुद्धा नाही! चुडामण तेव्हापासून फुरंगटून बसला होता.

"कंपनीनेच कचरा माल दिला, और क्या!" मोहित जॅक लावत म्हणाला. "एक स्पेअर आहे, तो टाकतो आणि कल सुबह इंदूर."

उद्या इंदूरजवळ मातीच्या ट्रॅकवर शर्यत होती. वर्षभर पोरगं त्या एका दिवसासाठी धडपडत होतं.

जॉइंट निघाला. हलवला तर गोटी कड्यात खुळखुळली. कडेला काळा, खरखरीत लगदा साचला होता. मोहितने तो बोटावर चोळून पाहिला.

"ये ग्रीस कुठून आलं? ह्याला ग्रीस लावायचंच नसतं. धूळ चिकटते अन् अस्तर खाऊन टाकते."

चुडामणने पाना उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. ओट्यावरून मालूबाई नवऱ्याला म्हणाली, "अवो, काय चाललंय तुमचं? सकाळधरून जिवाला थारा नाही."

शनिवारी मारुतीला तेल वाहायचं आणि मग घरच्या गाड्यांना ग्रीस द्यायचं, ही त्याच्या बापापासूनची रीत. रुसलेल्या माणसाला पोराशी बोलता येईना, म्हणून तो मोहित उठायच्या आत गाडीखाली शिरायचा आणि बोटाने ग्रीस भरायचा. एकूण एक जॉइंटमध्ये, अगदी मायेने. काय करून बसलो देवा!

"बाकीचे चूप आहेत," मोहित म्हणाला. "निघेल एक रेस."

आपण गप्प बसलो तर पोराला कधीच कळायचं नाही. कंपनीच्या नावाने बोटं मोडत तो पहाटे निघून जाईल. आणि भर वेगात दुसरा जॉइंट तुटला तर?

"बाकीचे पण खोल," चुडामण म्हणाला.

"काहून? आवाज नाही ना त्यांचा."

"ग्रीस मी भरलंय. दर शनिवारी. सगळ्यांत."

मोहितने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. "सालभराची मेहनत, पप्पा! एकदा विचारायचं तरी!"

तू तरी कुठं विचारलं होतं? चुडामणने ओठांवर आलेलं गिळून टाकलं.

बाकीचे उघडले. हाताने हलवले तर सगळेच खुळखुळत होते. स्पेअर तर एकच होता. मोहित पाना टाकून घरात गेला आणि इंदूरची शर्यत त्याच्यावाचून झाली.

नवे जॉइंट आले, बसले. तरी बापलेकांत धड शब्द नव्हता. पुढच्या शनिवारी चुडामण मारुतीला तेल वाहून आला आणि ओट्यावर टेकला, पण हातांना चैन पडेना. तेवढ्यात मोहित बाहेर आला. त्याने बापाच्या मांडीवर एक धुतलेलं फडकं ठेवलं.

"फक्त पुसायचं, पप्पा. लावायचं काही नाही. धूळ बसू देऊ नका, बस."

चुडामण गाडीखाली सरकला. बोटं कोरडीच होती, तरी त्याने ती आधी पायजम्याला पुसली आणि मग फडकं उचललं.