कोंब वळतात त्या भिंतीकडे

मी एक जुना काळा ट्रे आहे, मित्रांनो. उसाच्या रोपांचा. प्लॅस्टिकचा म्हणून नाक मुरडू नका! कळसच्या साखरबाईंच्या रोपवाटिकेत मी नऊ हंगाम राबलोय. माझ्या खणांत उसाचे डोळे लावतात आणि कोंब फुटेपर्यंत मला अंधाऱ्या खोलीत कोंडतात. साखरबाईंचे यजमान, सोपानतात्या, मला स्वतः धुऊन ठेवायचे. "लई गुणाचा हाय ह्यो," म्हणायचे. गेल्या वर्षी ते वारले. तेव्हापासून माझ्या अंगावर चिखल तसाच वाळतो.

या खेपेला साखरबाईंनी दार उघडलं आणि त्या जागीच थबकल्या. माझ्यातले आणि शेजारच्या ट्रेंमधले पांढरेफटक कोंब, शेकड्यांनी, सगळे मागच्या भिंतीकडे माना वळवून उभे. त्या भिंतीला ना खिडकी, ना झरोका. तिथं तात्यांचं बसायचं पोतं तेवढं होतं.

"निकिता, बघ की गं! तितं ह्ये बसायचं. रोपं त्यांनाच बघत्यात."

सून निकितानं मला फिरवून ठेवलं. दोन दिवसांनी कोंब पुन्हा भिंतीकडेच! तिच्याही अंगावर काटा आला.

साखरबाई मात्र खुलल्या. रोज दार लावून त्या पोत्यावर बसायच्या, भिंतीला टेकून तात्यांशी बोलायच्या. अहो, मला सगळं ठाऊक होतं! कोंबाच्या शेंड्याला उजेड कळतो. मग सावलीकडची बाजू भराभर वाढते आणि कोंब उजेडाकडे झुकतो. भूतबीत काही नाही. भिंतीला बारीक तडा गेला होता, दार उघडं असलं की न दिसणारा; त्यातून उजेड झिरपायचा आणि तो रोज रुंदावत होता. साखरबाईंची तर त्याच्याकडे पाठच असायची. मी पडलो मुका. जीव नुसता तळमळायचा.

एका दुपारी निकिता सासूला जेवायला बोलवायला आत आली आणि दार तिच्यामागे लागलं. अंधारात तिला दिसली छतापासून खाली उतरलेली उजेडाची रेघ, आणि त्या रेघेला टेकून हसत बोलणारी सासू.

"आई, उठा! भिंत फुटलीया!"

तिनं त्यांना ओढतच बाहेर काढलं. संध्याकाळी भिंत ढासळली. पोतं दगडमातीखाली गाडलं गेलं.

सकाळी मला उन्हात ठेवलं. कोंबांवर हिरवी झाक चढली. निकितानं तड्याची गोष्ट सासूला नीट समजावली. साखरबाई ढिगाऱ्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजी, ह्ये न्हवतंच व्हय तितं?"



मित्रांनो, भिंतीचे तडे वेळेवर बुजवा. पण भिंतीला टेकून एकटं बसलेल्या माणसाचीही चौकशी करत जा. मला तोंड असतं, तर त्या सकाळी मी साखरबाईंशी खोटं बोललो असतो.