सुंदराबाईंच्या दारावर

"मतदार यादी म्हणजे लोकशाहीची जन्मपत्रिका! ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती देशाचं भवितव्य!"

सुरतेतल्या उधन्याच्या एका मराठी शाळेतले श्रीकांत सर शिक्षकांच्या खोलीत उभे राहून हे बोलले. मग चित्रकलेच्या बाईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "सर, तुमचा बीपीचा दाखला नामंजूर झाला वाटतं?"

झाला होता. निवडणुकीआधी मतदार यादी घरोघर जाऊन नव्याने तपासायची ठरली आणि शिक्षकांच्या गळ्यात हे काम पडलं, तेव्हा सरांनी आधी रक्तदाबाचा दाखला दिला, मग गुडघ्याचा. दोन्ही परत आले. सुटकेचे सगळे रस्ते बंद झाले की माणसाला राष्ट्रकार्य दिसू लागतं, तसं ते सरांनाही दिसलं. ते बीएलओ झाले, म्हणजे एका मतदान केंद्राच्या यादीचे धनी. घरोघर अर्ज वाटायचे, भरलेले गोळा करायचे, आणि जे परत येणार नाहीत त्यांच्यापुढे कारण लिहायचं : गैरहजर, स्थलांतरित किंवा मयत.

सरांच्या वाट्याची वस्ती बहुतेक खानदेशी. कुणी लूमच्या खात्यात, कुणी पलसाण्याच्या रंगाईच्या मिलमध्ये. सर मूळचे नाशिकचे. त्यांना अहिराणी कळायची, बोलता यायची नाही. तरी आपण या लोकांना आतून ओळखतो, असा त्यांचा समज होता. त्यांची मुलं सरांच्या वर्गात शिकून गेली होती, त्यामुळे हा समज खोडून काढायला कुणी आलं नव्हतं.

भटूच्या घरी सर पहिल्यांदा अर्ज घेऊन गेले तेव्हा त्याची बायको सुंदरा दारात खोकत बसली होती. खोकला असा, की सरांनी दोन पावलं मागे जाऊन पेन दिलं. "डॉक्टरकडे न्या हो," ते भटूला म्हणाले. भटू म्हणाला, "लयी जास ना सर." घरात तीन मतदार होते : भटू, सुंदरा आणि मोठा मुलगा. तीन अर्ज देऊन सर पुढे गेले.

ते अर्ज न्यायला आले, तेव्हा भटूच्या दारावर माणसं बसलेली.

खानदेशात कुणी गेलं की लोक त्या घराच्या दारावर येऊन बसतात. बोलत नाहीत. डोक्यावर रुमाल टाकून, मान खाली घालून बसतात, आणि थोड्या वेळाने उठून जातात. गावी जायला मिलमधून सुटी मिळत नाही, म्हणून गावाकडची मयत असली तरी सुरतेतले लोक सुरतेतल्या दारावर बसतात. सरांना ही पद्धत ठाऊक होती. ते चप्पल काढून, खिशातला रुमाल डोक्यावर टाकून सतरंजीवर बसले. समोर भटू. डोळे सुजलेले. सुंदरा कुठेच नव्हती. खोकला ऐकू येत नव्हता.

बायकोसाठी असा रडणारा नवरा त्यांनी पाहिला नव्हता. आपण आधी गेलो तर आपल्या बायकोच्या, शैलजाच्या मागे कोण रडेल, असा विचार त्यांच्या मनात आला, मग आपल्या मागे शैलजा रडेल का असा आला, आणि त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले.

बराच वेळ बसून सर उठले. भटू आत जाऊन अर्ज घेऊन आला. दोन भरलेले, तिसरा कोरा.

"हाऊ ऱ्हाई गया, सर," तो कसाबसा म्हणाला.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या, भटूभाऊ. राहू द्या."

निघताना ते 'येतो' म्हणाले नाहीत. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, हे सरांना पक्कं माहीत होतं. कोण गेलं ते आधी विचारायचं असतं, एवढंच माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं. पण इतक्या सभ्य शांततेत, रुमाल डोक्यावर असताना, 'नक्की कोण वारलं?' असं विचारणं त्यांच्या जिभेवर येईना. घरी येऊन त्यांनी सुंदराबाईंच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आणि हात धुतले.

"काय झालं होतं तिला?" शैलजाताईंनी विचारलं.

"खोकला."

"खोकल्यानं जातं का कुणी?"

"हल्ली काही सांगता येत नाही," सर म्हणाले, आणि जेवले नाहीत. थोडं जेवले.

कामात चूक राहू नये म्हणून सरकारने आणखी एक चाळणी ठेवली होती. कापायची नावं पक्षांच्या माणसांना वाचून दाखवायची आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. शाळेतच बैठक झाली. सत्ताधाऱ्यांकडून चंचलभाई आले, विरोधकांकडून भूपेंद्र. भूपेंद्र भटूच्या पलीकडच्याच गल्लीतला. मोबाइलचं दुकान, कपाळावर कायम आठी. "एकेक नाव तपासणार," तो बजावून म्हणाला. "आमच्या लोकांना गपचूप उडवायचा डाव आहे, सर. आम्ही झोपलेलो नाही." वाचन सुरू झालं. थंडीचे दिवस होते. चंचलभाईंनी पोंक, म्हणजे सुरती हुरडा, आणि शेव मागवली होती. हिरवागार कोवळा पोंक टेबलावर आला तेव्हा सर मयतांपर्यंत पोहोचले होते. सुंदराबाईंचं नाव दोन्ही पक्षांनी चावत चावत ऐकलं, आणि लोकशाहीत क्वचित होतं तसं दोघांचं एकमत झालं. दोघांनी सह्या केल्या.

कच्ची यादी लागली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत सर वर्गाबाहेर आले, तर व्हरांड्यात भटू उभा. त्याच्या मागे सुंदरा.

सरांनी भिंत धरली.

"सर, माले मारी टाकं कोनी तरी," सुंदरा म्हणाली. आणि खोकली. तोच खोकला. सरांनी तो मयतीआधी ऐकला होता, म्हणून तिला हात लावून पाहायची गरज पडली नाही.

"तुम्ही... कुठे होतात?"

"गावले. मन्ही माय वारनी ना. तुमी तर उन्थात दारवर." तिने पदराने डोळे टिपले. "मालकनी सांगं माले. सर सोता खाले बसनात, डोकावर रुमाल टाका, डोयामा पानी उनं. मन्ही मायले कधी देखं बी नव्हतं तुमी. एवढा मोठा मानूस! म्हनूनच बरं तुमनाकडे उनूत आम्ही. कोनी कापं व्हई मनं नाव, सर?"

इथे खरं बोलायला जागा होती, वेळ होता, सुटीची घंटाही व्हायची होती. सर म्हणाले, "बघतो मी. वरूनच काही तरी झालं असेल."

'वरून' या शब्दाने आजवर अनेक सज्जनांना आधार दिलेला आहे. सरांनाही दिला. पण रात्री उशीवर डोकं टेकलं की तोच शब्द वरून पंख्यासारखा फिरू लागे.

दोन दिवसांत भूपेंद्रने हे प्रकरण उचललं. निवडणूक कचेरीसमोर मांडव घातला, सुंदराला खुर्चीवर बसवलं, गळ्यात पाटी घातली : 'मी जिवंत आहे.' शेजारी भटू उभा, लग्नाच्या फोटोत उभा राहतो तसा. "हे कारस्थान आहे!" भूपेंद्र माइकवर ओरडला. "खानदेशातून येऊन ज्यांनी या शहराचं कापड विणलं, त्यांची नावं ठरवून कापली जातायत! या माउलीला कुणी मारलं? उत्तर द्या!" चंचलभाई रस्त्यापलीकडून हात हलवत म्हणाले, "अरे भाई, नाटक छे आ बधू! कॉम्प्युटरनी भूल छे!"

गर्दीच्या मागे सर उभे होते. दुसऱ्या वस्त्यांत कारस्थान होतं की नव्हतं, हे त्यांना सांगता आलं नसतं. शेजारच्या केंद्रात मिलवर गेलेली अख्खी चाळ 'स्थलांतरित' झाल्याचं कानावर आलं होतं, आणि त्याचा राग त्यांनाही होता. पण इथलं कारस्थान त्यांच्या एकट्याचं होतं, आणि तेही शिष्टाचारातून घडलेलं. एका पत्रकाराने विचारलं, "सर, तुम्ही या भागाचे बीएलओ ना? काय झालं असेल?" सर म्हणाले, "तांत्रिक." दुसऱ्या दिवशी ते छापूनही आलं. पत्रकार ते लिहून घेत असतानाच मांडवातून सुंदराने त्यांना पाहिलं आणि पाटी सावरत नमस्कार केला. सर घरी येऊन आडवे झाले. या वेळी रक्तदाब खरोखरच वाढला होता आणि दाखला मिळाला असता.

त्याच संध्याकाळी भूपेंद्र घरी आला. आवाज खाली होता. "सर, एक विचारायचं होतं. त्या मयतांच्या कागदावर माझीपण सही आहे का हो?"

"आहे."

"दिसते का नीट? म्हणजे वाचता येते?"

"ठळक आहे. चंचलभाईंच्या वर."

भूपेंद्र कपाळ पुसत म्हणाला, "मग आपण काय करायचं?"

"आपण?" सर म्हणाले. त्यांना एकदम सोबत मिळाल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. "बाईंचं पुढे काय होणार ते सांग आधी."

ते सोपं नव्हतं. सुंदराने नवा अर्ज भरावा, असं कचेरीने सुचवलं होतं. पण नवी मतदार म्हणजे नवे पुरावे : जन्माचा, माहेरचा, कसला ना कसला. माहेरी पुरावे सांगू शकणारी एकच बाई होती आणि ती आता नव्हती. सुरतेत इतकी वर्षं मत देत आलेली बाई या वर्षी जन्माला आल्यासारखी कागद शोधत फिरली असती. मग 'आधी कुठे होतात?' हा प्रश्न कुणी तरी विचारलाच असता. नाव जसंच्या तसं परत यायला एकच रस्ता होता. ज्याने मयत लिहिलं, त्याने स्वतःची चूक लिहून द्यायची. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

"पण लिहून दिलं तर तुमच्यावर नोटीस येईल ना?" भूपेंद्र म्हणाला. हे तो सरांच्या काळजीने म्हणाला की मांडवाच्या, ते कळलं नाही.

सर सकाळी कचेरीत गेले. अधिकारी मॅडमनी निवेदन वाचलं. 'मी दारावर बसलो, परंतु कोण वारले हे विचारले नाही.' त्यांनी चष्मा काढला.

"सर, असं कुणी लिहून देत नाही. 'अनवधानाने' लिहा."

"अनवधान नव्हतं, मॅडम. पूर्ण अवधान होतं. तोंड उघडलं नाही, एवढंच."

मॅडमनी शिक्का मारला. नाव परत येईल, म्हणाल्या. नोटीस टपालाने येईल, हेही म्हणाल्या.

सरकारपुढे कबुली देणं तसं बरं असतं. सरकार नमस्कार करत नाही. अवघड होतं ते पुढे. सर तसेच भटूच्या घरी गेले. सुंदरा खाली बसून साडीवर चमकीचे खडे चिकटवत होती. आसपासच्या बायका घरी बसून हेच काम करतात. भटू पाळीला निघायच्या तयारीत होता. सर आत आले आणि न बघता खाटेवर बसले. वाटेत पाठ केलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"सुंदराबाई, तुमचं नाव कुणी वरून कापलं नाही. मी कापलं. मी त्या दिवशी दारावर आलो, तुम्ही दिसला नाहीत, भटूभाऊ रडत होते, मला वाटलं तुम्हीच गेलात. मी विचारलं नाही. 'मयत' मी लिहिलं. आणि तुम्ही शाळेत आलात तेव्हा खोटं बोललो. पेपरात तांत्रिक म्हणालो. तुम्ही मला नमस्कार करत होता आणि मी घेत होतो. आता लिहून दिलंय, नाव येईल. पण मला क्षमा करा."

भटूच्या हातातला डबा तसाच राहिला. सुंदराच्या बोटावर एक खडा चिकटून राहिला होता.

"म्हंजे तुमी मन्ही मायसाठे बसनात नही," ती म्हणाली.

"नाही."

"मनासाठे बसनात."

सरांनी मान खाली घातली. हे त्यांनी पाठ केलेलं नव्हतं. एका आईसाठी गाळलेले अश्रू आपण तिच्याकडून परत मागून घेतले, हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि याच्यासाठी कचेरीत कुठला अर्ज नव्हता.

"आनी रडनात?"

"थोडासा."

सुंदरा भटूकडे वळली. "आयकं का हो? मी मरी गयी तं सर रडनात. तुमी काय कराल व्हतं?"

"मी तठेच व्हतू ना!" भटू गडबडून म्हणाला.

"सासूसाठे रडी ऱ्हायंतात तुमी. मनासाठे नही."

भटू काही तरी पुटपुटला आणि डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावू लागला. सर रुमाल काढून डोळे पुसू लागले. "तुम्ही मला काहीही बोला, बाई," ते म्हणाले. "बोला. मी ऐकून घेईन. तुम्ही सांगाल ती शिक्षा."

सुंदरा थोडी पुढे सरकली, सरांच्या तोंडाकडे नाही, खाटेकडे बघत.

"सर, शिक्षा बिक्षा नही. पन जराखा उठतस का? तुमी सुकाले टाकेल साडीवर बसेल शेतस, आनी तिना गोंद अजून ओला शे."