इझ्राचं बदक वर जातं

डेल्मर बर्चचा हिशेब सरळ होता. बदक एकदा वर गेलं की रविवारचं जेवण सुखाने घशाखाली उतरणार, सासरा जन्मभर उपकार मानणार, आणि पाप कुणाच्याच माथी लागणार नाही.

बदक लाकडी. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शिंकोटिग बेटावर शिकारीसाठी अशी बदकं कोरून पाण्यावर सोडतात. त्यांना भुलून खरी बदकं खाली येतात. डेल्मरचे सासरे इझ्रा यांनी कोरलेलं बदक पाहून मात्र खरी बदकं थेट मेरीलँडकडे वळायची. म्हणून त्यांनी ते लेकीच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. तेव्हापासून ते जेवणाच्या टेबलावर मधोमध. एक डोळा डेल्मरच्या ताटावर, दुसरा दारावर. इझ्रा दर रविवारी येत, आधी बदकाची विचारपूस करत, मग जावयाची.

बायकोची भाची कॅसी अंतराळस्थानकावर राहायला गेली आणि डेल्मरला वाट सापडली. खाडीपलीकडच्या तळावरून स्थानकाला सामान नेणारं यान सुटतं. आत माणूस नसतो. घरच्यांना त्यातून एक लहानसं खोकं पाठवता येतं. सामान उतरलं की त्याच यानात तिथला कचरा कोंबतात आणि परतीच्या वाटेवर सगळं जळून जातं.

"पॉप," डेल्मर सासऱ्यांना म्हणाला, "पोरीला घरची आठवण येत असेल. आपलं बदक पाठवू या."

इझ्रांचे डोळे भरून आले. "मी तुला आजवर ओळखलंच नाही रे."

अजूनही नाही, असं मी मनात म्हटलं. मी शेजारी. रविवारच्या अंजिराच्या केकसाठी मी तिथे असतोच.

"त्याला धक्के बसतील," डेल्मरची बायको नोरीन लगबगीने उठली. "मी खोक्यात चिंध्या कोंबते."

वर जाणाऱ्या वस्तूंचा आधी वास घेतात, कारण तिथे खिडकी उघडता येत नाही. त्या कामाला खास नाकं नेमलेली आहेत. बदक पास झालं. कुरूपपणाची तपासणी नसते. चिंध्या मात्र परत आल्या: पुन्हा धुवा. नोरीनने त्या तीनदा धुतल्या.

त्याच सुमारास डेल्मरची टोपी दिसेनाशी झाली. बापाची टोपी. दोन पिढ्या खाडीतले शिंपले, कालवं काढताना तिने जे काही शोषलं होतं, त्यामुळे डेल्मर घरी येतोय हे आमच्या कुत्र्याला वळणावरच कळायचं.

"होडीत राहिली असेल," नोरीन म्हणाली.

यान उडालं तेव्हा डेल्मर किनाऱ्यावर उघड्या डोक्याने उभा होता. लोकांना वाटलं, केवढा हा आदर!

पुढे एका रविवारी आम्ही जेवत असताना टीव्हीवर सांगितलं, की कचरा भरलेलं यान जळून गेलं. डेल्मरने बियरचा ग्लास उचलला. "फार साथ दिलीस, मित्रा."

इझ्रा चक्रावले. "कोणाला म्हणतोयस?"

तेवढ्यात वरून कॅसीचा फोन आला. इझ्रांनी तो स्पीकरवर टाकला. "आजोबा, तुमचं बदक म्हणजे कमाल आहे! इथे हातातून सुटलेली वस्तू हवेच्या झोताबरोबर भरकटते. बदक सोडलं की तेही तसंच जातं आणि बरोब्बर त्याच कोपऱ्यात चोच खुपसतं. आमचे सगळे चमचे सापडले! येताना मी त्याला घेऊनच येणार."

डेल्मरचा ग्लास हवेतच राहिला.

"आणि चिंध्या गं?" नोरीनने हळूच विचारलं.

"ती टोपी ना, मावशी? तिला परत वास सुटला. सगळ्यांनी मत देऊन कचऱ्यात टाकली. जळली आत्ताच."

"कुठली टोपी?" डेल्मर.

नोरीनने केकवरची सुरी उचलली. "जिच्या नावाने आत्ता ग्लास उचललास, ती."

बदक आता पुन्हा टेबलावर आहे, गळ्यात अंतराळाचं प्रमाणपत्र. इझ्रा त्याला जोडीदारीण कोरतायत. तिचे दोन्ही डोळे डेल्मरच्या ताटावर येतील अशी जागाही त्यांनी हेरून ठेवली आहे. इझ्रांना मान मिळाला, कॅसीला चमचे, नोरीनला मोकळा श्वास, आणि त्या गोंधळात मला केकचा डेल्मरच्या वाट्याचा तुकडा. किंमत मोजतायत ते डेल्मरचे दोन कान. जानेवारीत आमच्या खाडीवर वारा फार असतो.