भट्टीचा पहारा

पत्र आलं आणि ताईचे पाय जमिनीवर ठरेनात. राखीव सैन्याचं पंधरा दिवसांचं शिबिर, आणि या खेपेला अख्खी तुकडी तिच्या हाताखाली! सहा वर्षं बेकरीची भट्टी सांभाळून ती वर्दी चढवत होती. आज कुठं नशीब फळफळलं.

बेकरीचे मालक मात्र फुरंगटून बसले. "तू गेलीस की भट्टी कोण बघणार? हा ढिम्मराव?"

ढिम्मराव म्हणजे तिचा मदतनीस. पन्नाशीला टेकलेला, घाईशी सात जन्मांचं वैर असलेला. पण ताई हट्टाला पेटली. "आजची भट्टी त्यांच्यावर सोडते. एक पाव जरी करपला तरी शिबिराला नकार कळवते, झालं?" बोलून बसली खरी, आणि लगेच जीभ चावली.

तिनं भट्टी लष्करी पद्धतीनंच त्यांच्या ताब्यात दिली. तिकडं पहारा बदलताना नवा माणूस एकेक हुकूम मोठ्यानं म्हणून दाखवतो, आणि एकदा "पहारा माझा" म्हटलं की जुन्यानं अजिबात ढवळाढवळ करायची नाही. ढिम्मरावांनी पाचदा म्हणून दाखवलं: आच किती, वेळ किती, मागची रांग कधी फिरवायची. मग छाती काढून ओरडले, "पहारा माझा!" मालकांचा चहा सांडला.

नवव्या मिनिटाला काचेतून मागची रांग लाल दिसू लागली. अगं बाई, करपतेय! ताईचा हात आपसूक बटणाकडे गेला.

"हात मागे!" ढिम्मराव गरजले. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

"अहो, पण रंग बघा तरी!"

"पहारा कुणाचा, ताई?"

"तुमचा," ती पुटपुटली आणि पाठीमागे हात घट्ट धरून उभी राहिली. ढिम्मराव डुलत डुलत गेले, रांग फिरवली, दार लावलं. घाई म्हणून नाहीच! गेलं शिबिर, गेली तुकडी, असंच तिला वाटलं.

घंटी वाजली. पाव कसे तांबूस, टम्म फुगलेले! मालकांनी एक फोडला, हुंगला, मग दुसरा फोडला.

"जा बाई, खुशाल जा."

ताईनं आनंदानं उडीच मारली. मग फोडलेल्या पावाकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्यावाचून भागतं तर."

"पंधरा दिवस भागतं," ढिम्मराव म्हणाले. "सोळाव्या दिवशी आला नाहीत, तर मीच छावणीच्या दाराशी येऊन उभा राहीन."