झुल्मिराचं उघडं डोकं

ओर्दालियाआत्या सव्वाअकराला आली. कुणाशी एक शब्द न बोलता तिनं पिशवीतून कोरी ओढणी काढली. पांढरी जाळी, किनारीला बारीक फुलं, साबुदाण्याच्या खळीनं कडक केलेली. शवपेटीपाशी जाऊन तिनं ती आपल्या भावजयीच्या, झुल्मिराच्या डोक्यावर घातली आणि कपाळावरची कड दोन बोटांनी सारखी केली. हे सगळं इतकं सराईतपणे झालं की झुल्मिराच्या मुलीला, मारिल्दाला, खुर्चीवरून उठायला उशीरच झाला.

“काढा ती, आत्या.”

“का?”

“आईनं सांगितलं होतं, डोक्यावर काही घालू नका.”

“आजारी माणूस वाटेल ते बोलतं.”

“आजार मूत्रपिंडाचा होता. डोकं शाबूत होतं.”

नगरपालिकेच्या अंत्यदर्शनाच्या खोलीत दोन पंखे होते आणि त्यातला एक चालत होता. भिंतीलगत चर्चच्या मंडळीतल्या आठ बायका बसल्या होत्या. आठही जणींच्या डोक्यावर तशाच ओढण्या होत्या, मांडीवर कॉफीचे छोटे पेले. पेले तोंडाशी गेले आणि तिथंच थांबले.

मारिल्दानं ओढणी काढली, चुरगाळली आणि फुलांच्या बादलीत बुडवली. बादलीतलं पाणी बाहेरच्या नळाचं होतं आणि त्या नळाला पावसाळाभर लाल माती येई. गावाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायचं काम करणाऱ्या मारिल्दाला ते माहीत होतं. हा डाग आता निघणार नाही, हेही माहीत होतं.

“सैतान शिरलाय तुझ्यात,” आत्या म्हणाली.

“असेल. पण आईला हात लावू नका.”

झुल्मिरानं बावीस वर्षं मंडळीच्या ओढण्या सांभाळल्या होत्या. प्रार्थनाघराच्या बायकांच्या दारापाशी एक खण होता. ओढणी न घेता आलेल्या पाहुण्या बायकांसाठी त्यात बारा ओढण्या असत. दर सोमवारी झुल्मिरा त्या धुवायची, खळ घालायची, इस्त्री करायची. स्वतःच्या ओढणीवर एकदा इस्त्री जास्त वेळ राहिली आणि कोपऱ्याला बोटभर करपली, तेव्हा तिनं तो कोपरा कापून तिथं क्रोशाची जाळी विणून लावली होती.

तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याच्या रविवारी दोन बस भरून माणसं आली आणि खण रिकामा झाला. शेवटी दारात एक पोरगी उरली. सतरा वर्षांची, डोळे रडून सुजलेले. बोडक्यानं आत येऊ देत नाहीत हे तिला तिथंच कळलं होतं. झुल्मिरानं आपली ओढणी काढून तिच्या डोक्यावर घातली आणि स्वतः नेहमीच्या जागी, तिसऱ्या बाकावर, तशीच जाऊन बसली. दुसरं गीत सुरू असताना ओर्दालियानं येऊन तिला कोपराला धरून उठवलं. सगळ्यांदेखत. “बाहेर जा. डोकं झाकून ये.” झुल्मिरा बाहेर गेली, ती परत आली नाही. प्रार्थना ती घरीच म्हणायची, भांडी घासताना, उघड्या डोक्यानं. दवाखान्यात आत्यानं झोपेत तिच्या डोक्यावर ओढणी टाकली तेव्हा जागी होऊन तिनं ती भिरकावली होती. नंतर मारिल्दाला म्हणाली होती, “मला अशीच ने. माझा एकेक केस देवानं मोजलाय म्हणे. मग झाकून कुणापासून लपवू?”

दोन वाजता मंडळीचे प्रमुख, बंधू वाल्दोमिरो, सहा पुरुषांना घेऊन आले. पेटी उचलणारे तेच सहा. दफन चारला होतं. सकाळी कर्ण्याची गाडी गावभर तसं सांगत फिरली होती.

आत्यानं बादलीकडे बोट दाखवलं. वाल्दोमिरोंनी सगळं ऐकून घेतलं आणि मारिल्दासमोर खुर्ची ओढली.

“पोरी, तुझी आई गेली तीन वर्षं मंडळीबाहेर होती. तरी मी आलो. ती परतली असं मी समजतो. पण त्याची खूण डोक्यावर दिसायला हवी. प्रार्थनेत बाईचं डोकं झाकलेलं असावं, हे बायबलात पौलानं लिहून ठेवलंय.”

“केस हेच बाईचं आच्छादन, हेही त्यानंच लिहिलंय. त्याच पानावर.”

“मग एकट्या आपल्याच मंडळीला वेड लागलंय का?”

“दुसऱ्या मंडळ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी सोडलं. त्यांच्या छपरावर वीज पडल्याचं ऐकलं नाही. तुम्ही लहानपणी रेडिओला पाप म्हणत होता, बंधू. आता खिशात काय वाजतंय ते बघा.”

त्यांचा फोन खरंच वाजत होता. भिंतीकडची एक बाई खोकल्यासारखं हसली आणि लगेच खाली बघू लागली.

आत्या पुढं आली. “प्रयोगशाळेत टोपी घालतेस ना गं? साहेबानं सांगितलं की मुकाट घालतेस. देवानं सांगितलं तर मात्र मान ताठ!”

“ती टोपी साहेबही घालतो, आत्या.”

“तोंड बघा हिचं!”

वाल्दोमिरोंनी फोन बंद केला. “मी वाद घालायला आलो नाही. ओढणी नसेल तर प्रार्थना नाही, गीत नाही आणि हे सहा जणही पेटीला हात लावणार नाहीत. ठरव.”

मारिल्दानं त्या सहा जणांकडे पाहिलं. त्यातल्या दोघांना आईनं लहानपणी वाचायला शिकवलं होतं. दोघांनीही नजर वळवली. प्रार्थनेची तिला फिकीर नव्हती. पण आईचं एक गीत होतं, नदीपलीकडच्या घराचं, ते खड्ड्यापाशी म्हटलं जावं असं आईला फार वाटे. मारिल्दाला त्याची एकही ओळ धड येत नव्हती.

“नाही घालणार,” ती म्हणाली.

तिचं मन वळेल म्हणून वाल्दोमिरो आणि ते सहा जण थांबून राहिले. पावणेतीनला केइला आली. कोंबड्यांच्या कारखान्यातून पाळी संपवून तशीच, पायात पांढरे रबरी बूट, कपाळावर केसांच्या जाळीचा वळ अजून ताजा. दारातच तिनं पिशवीतून ओढणी काढून डोक्यावर घेतली. मारिल्दाला आधी तो कोपरा दिसला. क्रोशाचा.

केइला पेटीपाशी उभी राहिली आणि मोठ्यानं रडली. मग तिचं लक्ष झुल्मिराच्या डोक्याकडे गेलं.

“मावशीला ओढणी का नाही?”

“हिला विचार,” आत्या म्हणाली. “आईला बोडकी पुरायला निघालीय.”

“पण ही मावशीचीच आहे! मी द्यायला गेले होते, तर म्हणाल्या, ठेव तुला.” आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं डोक्यावरची ओढणी काढून झुल्मिराच्या केसांवर पसरली. “घ्या मावशी. तुमची तुम्हाला.”

“पाहिलंत?” आत्या टाळी वाजवायची तेवढी राहिली. “तीन वर्षांनी तिचीच तिला मिळाली! आता बोल. आता हीसुद्धा बुडवतेस का बादलीत?”

मारिल्दाचा हात उठला आणि तसाच राहिला. या ओढणीवर आईच्या हातचे टाके होते.

वाल्दोमिरो समाधानानं उठले. “चला, प्रार्थना करू.” डोळे मिटता मिटता ते थांबले. “भगिनी केइला, डोकं.”

“काय?”

“डोकं झाक. प्रार्थना आहे.”

“माझ्याकडे ती एकच होती, बंधू.”

“मग बाहेर थांब,” आत्या म्हणाली. “प्रार्थना झाली की आत ये.”

केइला तिच्याकडे बघतच राहिली. “मी तर मावशीला दिली.”

“दिलीस ते बरं केलंस. पण बोडक्यानं इथं उभं राहता येत नाही. नियम आहे.”

“कोणी आपली देईल का हिला?” मारिल्दानं विचारलं. ती भिंतीकडच्या बायकांना विचारत होती. आठ बायका, आठ ओढण्या. आत्याची धरून नऊ. तिनं सावकाश, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकीकडे पाहिलं. दोघी-तिघींचे हात डोक्याशी गेले, ओढणी घट्ट करायला.

“आत्या, तुम्ही?”

“माझी का म्हणून?”

“बरोबर. तुमची का म्हणून. त्या दिवशीही तुमची नव्हतीच दिली.”

ओर्दालिया लाल झाली. मारिल्दा पेटीपाशी गेली. आईच्या डोक्यावरची ओढणी तिनं उचलली, झटकली आणि केइलाच्या डोक्यावर घातली. क्रोशानं विणलेला कोपरा उजव्या कानाशी आला.

“ही तिनं तुला दिली होती. उसनी नव्हती.”

“ताई, पण मावशी...”

“तिला नको होती.”

वाल्दोमिरोंनी टोपी उचलली. त्यांच्यामागं ते सहा जण गेले, मग एकेक करून बायका. एकीनं जाताना कॉफीचा थर्मासही उचलला, तो तिचाच होता.

पेटी पुरवणाऱ्या दुकानाचा माणूस इतका वेळ दाराबाहेर विडी ओढत होता. त्यानं आत डोकावून रिकामी खोली पाहिली. “उचलणारे गेले वाटतं?” तो म्हणाला. “जाऊ द्या. पेटीखालच्या गाड्याला चाकं आहेत.”

झाकण लावण्याआधी मारिल्दानं आईचे केस विंचरले. लांब, पांढरे, आजारात विरळ झालेले. भांग मधोमध पाडला. आईला तसाच आवडायचा.

दफनभूमीपर्यंत सहाशे मीटर. गाड्याचं एक चाक करकरत होतं. पुढून तो माणूस ओढत होता, मागून मारिल्दा आणि केइला ढकलत होत्या. केइलाच्या पांढऱ्या बुटांना लाल माती लागली. मारिल्दानं एकदाच मागं पाहिलं. पन्नास पावलांवर आत्या एकटीच चालत होती, हातात पिळलेली, विटकरी झालेली ओढणी.

पेटी खड्ड्यात उतरली. मारिल्दा केइलाला म्हणाली, “नदीपलीकडच्या घराचं येतं तुला?”

“थोडं थोडं.”

केइलानं सुरू केलं. आवाज पातळ होता. पहिली ओळ नीट गेली, दुसरीला ती वर चढली आणि अडकली. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकली.

“खाली!” मागून आत्या ओरडली. ती फाटकातच थांबली होती, आत येत नव्हती. “दुसरी ओळ खाली जाते! एवढंही शिकवलं नाही तुला कुणी?”

मारिल्दानं मान वळवली नाही. “खाली घे,” ती केइलाला म्हणाली.

केइलानं दुसरी ओळ खाली घेतली, आणि या वेळी ती पुढं गेली.