डावीकडे उभं राहून

कापड बाजूला झालं आणि पद्माबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. पुरुषभर उंचीचा काळा दगड. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. डोक्याच्या जागी नुसता गोटा, तोही एका अंगाला कललेला.

"ज्योती, हे काय करून ठेवलंस गं? माणूस हाय का वरवंटा?"

पद्माबाईंचे मालक शेषराव यांनी हट्टा गावच्या विहाराशेजारी जन्मभर अभ्यासिका चालवली. ते गेल्यावर गावानं तिथं त्यांचा पुतळा बसवायचं ठरवलं. काम दिलं ज्योतीला. याच अभ्यासिकेत शिकून तिनं शिल्पकार म्हणून नाव काढलं होतं. पद्माबाई हो म्हणाल्या तरच पुतळा बसणार होता. त्यांच्या डोक्यात एकच होतं. अंगावर पिणाऱ्या नातीनं आजोबाला पाहिलंच नव्हतं. तिला दाखवायला चेहरा नको?

"फोटोवरून काहून न्हाई केलंस?"

"केला होता, काकू. चेहरा बराबर उतरला, पन त्यात सर दिसंनात. मंग तासून टाकला." ज्योती खाली बघत म्हणाली. "मी धडा वाचताना सर असे वाकायचे. तेवढंच ठेवलं."

पद्माबाई नाही म्हणणार, तोच तांड्यावरचे धर्मसिंग आले. शेषरावांचे जिवाभावाचे दोस्त. दगड बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुटपुटतच ते दगडाला वळसा घालून या बायकांच्या बाजूला आले आणि वाकून म्हणाले, "शेषराव, बघितलं का, पोरीनं काय करून टाकलं तुझं!"

पद्माबाई चपापल्या. शेषरावांचा उजवा कान लहानपणीच गेला होता. ओळखीचं माणूस बोलायला डावीकडेच जायचं, आणि तेही डावा कान पुढं करून असेच कलायचे. धर्मसिंग आपसूक डावीकडे आले होते. आणि मघापासून आपण तरी कुठं उभ्या आहोत?

"ज्योती, त्यांना उजवीकडून ऐकू येत नव्हतं, ठाव होतं तुला?"

"न्हाई, काकू. मला वाटायचं, माझं वाचणं त्यांना लई आवडतं."

"ते बी खरंच हाय," पद्माबाई म्हणाल्या. या पोरीच्या हातांचं त्यांना एवढं कौतुक वाटलं की डोळेच भरून आले. त्यांनी शेजारी उभ्या सुनेच्या कडेवरची नात घेतली आणि त्या कललेल्या गोट्याजवळ तोंड नेलं. मालकाचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, आजही घेतलं नाही.

"आवं, ऐकलं का? नात आली तुमची."