बोटभर माया

दुपारचं ऊन कापड कापायच्या टेबलावर आलं की धाकटीची तंद्री लागायची. मशीन आपल्या मनाने चालत राही आणि खाली पायडल मारणारे पाय दुसऱ्याच कुणाचे वाटू लागत. शिलाईचं ते दुकान तिचं एकटीचं होतं, पण पंचेचाळिशी उलटली तरी गल्लीभर तिला धाकटीच म्हणत. कारण थोरली बहीण समोरच होती, आठ खाटांच्या प्रसूतिगृहात, बत्तीस वर्षं दाई म्हणून. अर्धी गल्ली ताईच्या हातून जगात आलेली. तिच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती, धाकटीची तर नव्हतीच.

त्या वर्षीची वॉर्डाची निवडणूक नेमकी त्या आठ खाटांवर येऊन ठेपली. ठेकेदार निवडून आला तर तिथे गाड्या लावायची इमारत होणार होती. त्याने ते लपवलंही नव्हतं. डॉक्टरीणबाई आल्या तर प्रसूतिगृह राहणार होतं. ताई कामावर जाता-येता दुकानाच्या दारातून एवढंच विचारायची, "मत कुणाला, लक्षात आहे ना?" धाकटी मान डोलवायची.

मग तिसरा उभा राहिला. घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, सगळ्यांचा टिकटिककाका. कोटाची बाही उसवली म्हणून तो दुकानात आला, तेव्हा धाकटीने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "काका, तुम्ही कशाला पडलात या भानगडीत?"

"बाकांसाठी," काका म्हणाले. "या वॉर्डात टेकायला जागा नाही, बघ. प्रत्येक झाडाखाली एक बाक हवा. माणसानं चालता चालता बसावं, काही कारण नसताना. बाकीचं मला काही येत नाही."

त्या दिवसापासून धाकटीला बाकच दिसू लागले. कापडावर खडू फिरवता फिरवता ती झाडाखाली जाऊन बसे. शेजारी पोस्टमन असे, पिशवी मांडीवर घेऊन. पलीकडे ठेकेदारही बसलेला असे, चपला काढून, पाय गवतात सोडून. कुणी कुणाशी बोलत नसे, कुणालाच कुठे जायचं नसे. पानांतून उजेड हलायचा. तिथून परत यायचं तिच्या अगदी जिवावर येई.

मतदानाच्या दिवशी मात्र ती डॉक्टरीणबाईंनाच मत द्यायचं ठरवून गेली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उजेड पिवळसर होता आणि बाहेरचे आवाज फार लांबून येत होते. हातात शिक्का, समोर तीन नावं. डॉक्टरीणबाई आरामात येणार, असं जो तो सांगत होता. धाकटीला तिथे आपलं कामच आठवलं. शिवणीच्या कडेला बोटभर कापड जास्तीचं सोडतात, त्याला माया म्हणतात; पुढे अंग भरलं की तेवढ्यात सैल करता येतं. तिच्या हातचा कपडा मायेशिवाय कधी कापला गेला नव्हता. एवढ्या मतांत डॉक्टरीणबाईंना माया भरपूर असणार, तिला वाटलं. त्यातलं एक काढून घेतलं म्हणून काय कपडा आखूड होणार आहे?

शिक्का काकांच्या नावापुढे उमटला. ती बाहेर आली तेव्हा रस्ता कसा हलका, नुकताच धुतल्यासारखा दिसत होता.

डॉक्टरीणबाई नऊ मतांनी पडल्या. काकांना मतं मिळाली एक्केचाळीस.

ठेकेदाराचा माणूस बाकांच्या नादी लागणं शक्यच नव्हतं. म्हणजे एक्केचाळीस जण आपापल्या आडोशामागे एकेकटे उभे राहिले होते आणि सगळ्यांनी भरवसा ठेवला होता तो एकाच बोटभर कापडावर.

दोन दिवसांनी काका दारात येऊन उभे राहिले. आत आलेच नाहीत. "मी उभं राहायला नको होतं का गं?"

"तुम्ही मागितलंत, आम्ही दिलं," धाकटी म्हणाली. "तुमचं काय चुकलं?"

'आम्ही' म्हटल्यावर तिने जीभ चावली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

ताई आठवडाभर धुमसत होती. "कोण हे एक्केचाळीस शहाणे? एकेकाला जन्मताच उलटं धरून रडवलंय मी. पुन्हा धरीन." बायका हसायच्या. धाकटी मान खाली घालून काजं करत राही. आता हिला कळलं तर ही आयुष्यात आपलं तोंड बघणार नाही, अशी भीती तिला वाटत होती.

प्रसूतिगृह रिकामं करायचा दिवस आला. भर दुपारी ताई रस्ता ओलांडून दुकानात आली, किल्ल्या टेबलावर टाकल्या आणि उभीच राहिली. धाकटीने मशीन थांबवलं.

"ताई, त्या एक्केचाळिसांतली एक मी आहे."

ताईने स्टूल पायाने ओढलं आणि सावकाश त्यावर बसली. तिचे घोटे सुजलेले होते. इतक्या वर्षांत ताईला दुकानात बसलेलं आपण पाहिलंच नाही, हे धाकटीच्या आत्ता ध्यानात आलं.

"मला वाटलं, तू आहेस ना तिकडे," ताई म्हणाली. "तुला रोज बजावत होते. तुझं पक्कं, गल्लीचं पक्कं. मग एक माझं नसलं तर काय होतंय?"

"ताई..."

"बत्तीस वर्षं उभी आहे गं मी. त्या दिवशी रात्रपाळी करून तशीच गेले होते. शिक्का हातात घेतला आणि पाय इतके दुखायला लागले. मला नुसतं बसायचं होतं."

समोर दोन माणसं एकेक खाट बाहेर आणून रस्त्यात मांडत होती आणि उन्हात त्या पांढऱ्या खाटा तरंगल्यासारख्या दिसत होत्या. शेवटची खाट दारात अडकली. "तिरकी करा, तिरकी," असं पुटपुटत ताई सवयीने उठायला गेली. धाकटीने तिचा हात धरला आणि तिला बसवून ठेवलं.